भाग नववा

आमच्या गावात न मेलेला माणूस शोधून काढावा लागतो.
पोस्टातली हिल्या तिसऱ्या भागात गेली, शिडीवरून.
पाद्रीबुवा पाचव्यात, स्वतःच्याच घंटेच्या दोरीला.
ग्रंथालयातली सेल्मा तर दोनदा मेली,
दुसऱ्या खेपेला विग घालून,
कारण पहिल्या मरणाचे पैसे बुडाले होते.
सगळ्यांचे शेवटचे फोटो
खानावळीत गल्ल्यामागे फ्रेम करून लावलेत,
खाली तारीख आणि त्या दिवसाचं सूप.

सुपीरियर सरोवराच्या या काठाला
आधी तांबं संपलं, मग कागदाची गिरणी गेली.
उरला तो रखवालदार.
दीपगृहातून उतरणारा, पत्र्याच्या तोंडाचा,
दर दोन-तीन वर्षांनी
जाळलेला, बुडवलेला, बर्फाखाली गाडलेला,
आणि नवा निर्माता गाठ पडला की उठून बसणारा.
पत्र्याच्या आत आमचा एइनो असतो,
एरवी रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो.
लॉस एंजेलिसचा माणूस महाग पडतो
आणि थंडीत शिंकतो.

रक्त मी करते.
मक्याचा पाक, लाल रंग, चमचाभर कोको,
निळ्याचा एकच थेंब. तो विसरला की सरबत.
आठ भागांत किती बादल्या उपसल्या, मोजल्या नाहीत.
भरल्या पंगतीत वाढपी उपाशी राहावा
तशी मी या गावात जिवंत राहिले.

यंदा डायरेक्टर, ट्रेव्हर नावाचं पोर,
दाढी धड फुटलेली नाही,
म्हणाला, मिसेस न्येमी, तुम्हालाही घेऊ.
तुमच्याच स्वयंपाकघरात, चौथ्या रात्री,
हातातल्या पिठासकट.

मी गॅरेजमध्ये तालीम केली.
शेजारचा टाउनो फावडं घेऊन धावत आला,
मग उभा राहून ऐकत राहिला. तो दुसऱ्या भागात गेलेला.
म्हणाला, एवढी घाई करू नकोस.
आधी त्याला ओळख.
किंचाळणं मागून आपोआप येतं.

मागच्या मार्चमध्ये वेइको गेला,
याच टेबलाशी, हातात चमचा.
आवाज म्हणून नाही.
कट म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून ते चालूच राहिलं,
चुलीवरची कॉफी आटून करपेपर्यंत.
मग शेजारीपाजारी आले,
हिल्या, सेल्मा, पाद्रीबुवा, टाउनो,
एकाहून एक अनुभवी मेलेले,
आणि कुणालाच काही सुचेना.
सेल्मानं शेवटी भांडी घासली.

चौथ्या रात्री हिमवादळ आलं.
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला.
ट्रेव्हरनं ओट्याशी उभं राहून
बोटांवर पैसे मोजले, पुन्हा मोजले,
आणि मोठे उपकार केल्यासारखं म्हणाला,
मिसेस न्येमी, तुम्ही वाचता.

माझे हात कोपरापर्यंत पिठात.
दारात एइनो, रबरी आकडा घेऊन,
खांद्यावर खराखुरा बर्फ.
मी त्याला ओळखलं. टाउनोनं सांगितलं होतं तसंच, आधी.
पुढचं काही आलं नाही.

त्यानं तोंड काढून टेबलावर पालथं ठेवलं.
नाकावर पत्र्याचा लाल वळ.
वेइकोच्या खुर्चीकडे बघून
दुसरी ओढून घेतली.
वेलदोड्याचा पाव उरला होता, कालचा.
दोघांनी मेणबत्तीत तो कॉफीत बुडवून खाल्ला.
पालथ्या तोंडाच्या आत बघितलं तर
लोकरीचा तुकडा शिवलेला, कपाळ सोलू नये म्हणून.
टाके नीटनेटके, हिरव्या दोऱ्याचे.
दहाव्यात बघू, म्हणाला एइनो
आणि आकडा विसरून गेला.

सकाळी पायरीवर बादली गोठलेली.
रात्री कोल्ह्यानं कडा चाटून साफ केल्या होत्या.
पावलं सरोवराकडे गेलेली,
आधी लाल, मग गुलाबी,
मग नुसती पावलं.